शिकवण्यावरच्या परिषदेत शिकणे कुठे आहे?

वैद्यकीय महाविद्यालयांत ‘अध्यापनातील परंपरा आणि तंत्रज्ञान’ अशा विषयावरची परिषद आता नवी राहिलेली नाही. तिचा कार्यक्रमही जवळपास ठरलेला असतो. सकाळी नोंदणी, पिशवी आणि चहा. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते. उद्घाटन लांबते आणि अकराचे बीजभाषण बाराला सुरू होते. जेवणानंतर अंधारलेल्या सभागृहात एकामागून एक स्लाइड सरकत राहतात. प्रश्नांना वेळ उरत नाही, कारण आधीचे सत्र लांबलेले असते. संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन मंडळी परततात. नुसत्या व्याख्यानाने विद्यार्थी शिकत नाहीत, हे दिवसभरात कुणीतरी आवर्जून सांगितलेले असते. तेही व्याख्यानातच.

ही गोष्ट हसून सोडून देता येत नाही, कारण या शिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण असतो. पोटदुखीने कळवळणाऱ्या माणसाच्या पोटावर हात ठेवून अपेंडिक्सची शंका घेणारा किंवा धाप लागलेल्या बाळाचे श्वास मोजून त्याला तातडीने पुढे पाठवणारा तरुण डॉक्टर कसा घडला, यावर त्या रुग्णाचे भवितव्य ठरते. २०१९ पासून देशात एमबीबीएससाठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. व्याख्याने एकूण तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत, बाकी वेळ प्रात्यक्षिके, गटचर्चा आणि रुग्णांसोबतच्या शिक्षणाला द्यावा, असे त्या नियमावलीत म्हटले होते. हे प्रत्यक्षात कसे आणायचे, याची चर्चा शिक्षकांनी एकत्र बसून करायलाच हवी. म्हणजे परिषदा हव्यातच. पण त्यांची आखणी बदलायला हवी.

सुरुवात विषयापासून करावी लागेल. ‘परंपरा आणि तंत्रज्ञान’ या शीर्षकातच दोन पक्ष पाडले जातात आणि शेवटी ‘दोन्हींचा सुवर्णमध्य साधावा’ असा ठराव होतो. त्यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. वैद्यकाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. गळ्यातला स्टेथोस्कोप आज परंपरेचे चिन्ह वाटतो, पण १८१६ मध्ये फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले तेव्हा ते नवे तंत्रज्ञान होते. छातीवर बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली, तीही तेव्हा नवीच होती. शवविच्छेदनाचेही तसेच. मृतदेह पाण्यात भिजवून थराथराने कसा तपासावा, याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. ती प्रथा पुढे लोपली आणि शवाला हात लावणेच निषिद्ध ठरले. १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात ती बंदी झुगारून शवविच्छेदन करणारे मधुसूदन गुप्त हे मूळचे आयुर्वेदाचे पंडित होते. तेव्हा परंपरेच्या बाजूचे कोण आणि नव्याच्या बाजूचे कोण, हे ठरवणे अवघड होते.

म्हणून साधन नवे की जुने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणत्या पद्धतीने कोणती गोष्ट चांगली शिकता येते आणि ती किती दिवस टिकते, हे विचारायला हवे. याची उत्तरे शोधता येतात, काही मिळालीही आहेत. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. नुसती व्याख्याने झालेल्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास आणखी बोलका आहे. सक्रिय वर्गातले विद्यार्थी चाचणीत प्रत्यक्षात जास्त शिकलेले निघाले, पण आपण जास्त शिकलो असे वाटले ते सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. परिषदेच्या शेवटी वाटल्या जाणाऱ्या ‘कार्यक्रम कसा वाटला?’ या अर्जाची किंमत यावरून कळावी.

पुरावा दर वेळी नव्याच्याच बाजूने जातो असेही नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. वॉर्डात राउंड घेताना खाटेपाशी अचानक प्रश्न विचारणारे जुने सर नेमके हेच करून घेत होते. त्या प्रश्नाबरोबर येणारा अपमान तेवढा वगळला, तर ही परंपरा जपण्याजोगी आहे.

शवविच्छेदनाच्या जागी येऊ पाहणाऱ्या डिजिटल टेबलाचाही असाच तपशिलात विचार हवा. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची त्रिमितीय मांडणी पडद्यावर फिरवून, पुसून, पुन्हा पाहता येते. पण प्रत्येक शरीरात रक्तवाहिनीची वाट थोडी वेगळी असू शकते आणि मज्जातंतू व स्नायुबंध यांतला फरक बोटांना कळावा लागतो, हे देहदानातून आलेल्या मृतदेहासमोर उभे राहूनच उमगते. कुणीतरी आपले शरीर विश्वासाने दिले आहे, ही जाणीवही तिथेच होते. उलट, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचा पहिला सराव पुतळ्यावरच व्हायला हवा. तो जिवंत रुग्णावर करण्यात कोणतीही थोर परंपरा नाही.

हे सगळे लक्षात घेऊन परिषद आखायची तर बदल फार खर्चिक नाहीत. उद्घाटन वीस मिनिटांत उरकावे. शोधनिबंध आठवडाभर आधी पाठवावेत, वक्त्याने पाच मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ आठ-दहा जणांच्या गटांत चर्चेला द्यावा. एकच धडा, उदाहरणार्थ यकृत हाताने चाचपण्याचा, दोन गटांना दोन पद्धतींनी शिकवून दाखवावा. चाचणी त्याच दिवशी घ्यावी आणि महिन्याने पुन्हा घ्यावी. एक सत्र फसलेल्या प्रयोगांसाठी राखावे. महागडे यंत्र आणूनही ते का वापरले गेले नाही, हे एका महाविद्यालयाने मोकळेपणाने सांगितले तर दुसऱ्याचे पैसे वाचतील. आणि सभागृहात विद्यार्थी, वॉर्डातल्या सिस्टर, डिसेक्शन हॉल सांभाळणारे कर्मचारी हवेत. शिकवणे कुठे अडते, हे त्यांना रोज दिसते. उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल असू द्यावेत, पण विषय आणि वक्ते त्यांनी ठरवू नयेत.

यावर काही आक्षेप येतील. परिषद ही भेटीगाठींची, तरुण शिक्षकांना पहिल्यांदा व्यासपीठ मिळण्याची, ज्येष्ठांचा मान राखण्याचीही जागा असते. ते खरेच आहे. पण दहा मिनिटे घाईने स्लाइड वाचण्यापेक्षा गटात बसून आपले काम समजावताना तरुण शिक्षकाची ओळख जास्त होते. ज्येष्ठांच्या अनुभवाचा मानही शालीपेक्षा त्यांना प्रश्न विचारल्याने अधिक राखला जातो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रुग्णाशी बोलण्यातली माया, मृतदेहासमोरचा आदर चाचणीत मोजता येत नाही. म्हणूनच जे मोजता येते ते नीट मोजावे आणि जे येत नाही त्यासाठी रुग्णाजवळचा वेळ राखून ठेवावा. ‘मोजता येत नाही’ ही काहीच न तपासण्याची सबब होऊ नये.

अडचण क्रेडिट पॉइंटांचीही आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट जमवावे लागतात आणि ते साधारणपणे हजेरीवर मिळतात. शिक्षणावरच्या परिषदांसाठी तरी यातला काही भाग सहा महिन्यांनंतर द्यावा. आपल्या वर्गात काय बदलले आणि त्याचा परिणाम काय दिसला, हे शिक्षकाने एका पानात लिहून पाठवावे आणि मग उरलेले पॉइंट घ्यावेत. काही बदलले नसेल तर तेही लिहावे. ती पाने एकत्र केली की पुढच्या वर्षीच्या परिषदेचा विषय शोधत बसावे लागणार नाही.