पदवी इथली, परवाना तिथला



अहमदपूर, उदगीर, लातूर, नांदेड या पट्ट्यातील आपल्या व्यापारी घरांतील मुली दंतवैद्यकाकडे वळू लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करून बी.डी.एस. झालेल्या या मुलींपैकी काही विवाहानंतर अमेरिकेस जातात, तर काही स्वतःच्या हिमतीवर. तेथे गेल्यावर कळते, की बहुतेक राज्यांत केवळ या पदवीवर दंतवैद्य म्हणून काम करता येत नाही. तेथील मान्यता आयोगाने, म्हणजे ‘कोडा’ने, मान्य केलेल्या महाविद्यालयात पुन्हा दोन ते तीन वर्षे शिकावे लागते. मग घरात प्रश्न उभा राहतो : अर्ज कोठे करावा?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नावाजलेल्या संस्थेच्या ओढीने दिले जाते. वस्तुतः येथे आपण परवान्याचा मार्ग शोधत असतो. तेथे काही विद्यापीठे डी.डी.एस. देतात, काही डी.एम.डी.; दोन्ही पदव्या समकक्ष आहेत. ‘कोडा’मान्य कोणत्याही संस्थेची पदवी परवान्यासाठी सारख्याच योग्यतेची ठरते. मोठे नाव उपयोगी पडत नाही असे नाही. पण त्या नावासाठी किती अधिक मोजायचे, हे आधी ठरवावे.

मोजायचे म्हणजे केवळ शुल्क नव्हे. परदेशी दंतवैद्यांसाठी न्यू यॉर्क विद्यापीठाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तर बॉस्टन विद्यापीठाचा दोन वर्षांचा आहे. एक वर्ष अधिक म्हणजे एका वर्षाचे शुल्क, एका वर्षाचा राहणीखर्च आणि एका वर्षाची न मिळालेली कमाई. मात्र ज्या संस्थेत जागा अधिक असतात, तेथे प्रवेशाची शक्यताही अधिक असते. शुल्क व राहणीखर्च मिळून अनेक ठिकाणी रक्कम दोन लाख डॉलरच्या पुढे जाते. रुपयांत ती दोन कोटींच्या घरात पोहोचते. एवढे कर्ज तारणावाचून मिळणे अवघड. म्हणजे दुकान, गोदाम किंवा राहते घर बँकेकडे गहाण पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. पण पाठविता येते म्हणून पाठवावीच असे नाही. रुपया घसरला, पदवीनंतर नोकरी सहा महिने उशिरा मिळाली, तर हप्ता कोण भरणार, हे भावांसह साऱ्या घराने एकत्र बसून कागदावर लिहावे.

आता निवडीची रीत. बहुतेक महाविद्यालये ‘कॅपिड’ या सामायिक व्यवस्थेतून अर्ज घेतात. तिचे नवे चक्र साधारणतः मार्चमध्ये सुरू होते. प्रत्येक संस्थेमागे शुल्क वाढते, शिवाय कित्येक संस्था स्वतःचे वेगळे शुल्कही आकारतात. म्हणून वीस ठिकाणी अर्ज पाठविण्यापेक्षा सहा-आठ ठिकाणे पारखून निवडावीत. पारखताना चार प्रश्न विचारावेत. संस्था विद्यार्थी-व्हिसावरील उमेदवार घेते, की केवळ तेथील नागरिक व कायम रहिवासी? गुणांची व इंग्रजीच्या परीक्षेची किमान अट आपली मुलगी पूर्ण करते का? मुलाखतीबरोबर प्रात्यक्षिक चाचणी आहे का? आणि ज्या राज्यात पुढे राहायचे, तेथील परवान्याच्या अटी कोणत्या?

प्रात्यक्षिक चाचणीविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. राष्ट्रीय परीक्षा ‘आयएनबीडीई’ ही पाचशे प्रश्नांची असून ती दोन दिवस चालते. पण निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. सारेच उत्तीर्ण उमेदवार तेथे सारखे दिसतात. मग फरक पडतो तो महाविद्यालयीन गुणांनी, अनुभवाने, शिफारसपत्रांनी आणि हाताच्या कौशल्याने. कृत्रिम जबड्यातील दात ठरलेल्या वेळेत कोरून दाखवावे लागतात. हा सराव अहमदपुरातील दवाखान्यातही करता येतो. त्यासाठी अमेरिकेत जाऊन थांबण्याची गरज नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील मुलींनी आपली गुणपत्रके व प्रमाणित नोंदी वेळेत काढून तेथील मूल्यमापन संस्थेकडे पाठवाव्यात. या कामास महिने लागतात आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

विवाहित मुलीच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. पती टेक्सासमध्ये नोकरीस आणि प्रवेश मिळाला बॉस्टनला, तर दोन घरे चालवायची का? पतीच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४वर शिक्षण घेता येते, पण काम करण्याची परवानगी त्या प्रत्येकीला मिळतेच असे नाही. विद्यार्थी-व्हिसा घेतल्यास पदवीनंतर साधारण एक वर्ष काम करता येते. हे सारे साखरपुड्याच्या आधी दोन्ही घरांत स्पष्ट बोलले पाहिजे. ‘तेथे गेल्यावर पाहू’ या एका वाक्यावर डॉक्टर मुलीची उमेदीची वर्षे स्वयंपाकघरात गेलेली आपण पाहतो. मुलगी शिकणार का, खर्च कोण करणार, कर्ज कोणाच्या नावे राहणार, हे विचारणे म्हणजे व्यवहारीपणाचा अतिरेक नव्हे.

न्यू यॉर्क, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस या शहरांच्या परिसरात जैन केंद्रे आहेत. आहार आणि आपल्या माणसांचा आधार या दृष्टीने ते सोयीचे. मात्र निवडीचा तो शेवटचा निकष असावा, पहिला नव्हे.

अमेरिका हीच एक वाट आहे असेही मानू नये. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात परीक्षांच्या मार्गाने नोंदणी मिळते; कॅनडातही परीक्षांचा मार्ग आहे. तेथे महाविद्यालयाचे मोठे शुल्क वाचते, परंतु परीक्षा कठीण असून प्रतीक्षा करावी लागते. आणि येथेच एम.डी.एस. करून मराठवाड्यात व्यवसाय थाटणे हाही कमी प्रतीचा पर्याय नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि परत येऊन १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय उभारले.

जाणाऱ्या मुलींना एकच सूचना : महाराष्ट्रातील आपली नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवा. आणि पालकांना एक विनंती : यादीत पहिले नाव लिहिण्यापूर्वी मुलीला विचारा, तिला नेमके कोठे आणि का जायचे आहे. तिचे उत्तर ऐकून मगच हिशेबाची वही उघडावी.