उंबऱ्यावर अडलेला कायदा

प्रति,
गृहनिर्माण, वैद्यकीय शिक्षण, उच्च व तंत्रशिक्षण आणि दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन

विषय : सुगम्य घरांसाठी आरोग्य व बांधकाम शाखांच्या विद्यार्थ्यांचे संयुक्त शिक्षण

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी, अभियंते आणि वास्तुविशारद या सर्वांच्या शिक्षणक्रमात दिव्यांगत्व हा घटक असावा, असे त्याच्या कलम ४७ ने एकाच वाक्यात सांगितले. कायद्याने ज्यांना एका वाक्यात बसवले, त्यांना शासनाने अद्याप एका वर्गात बसवलेले नाही. आरोग्यशाखांचे विद्यार्थी एका विद्यापीठाचे, वास्तुकलेचे दुसऱ्या विद्यापीठाचे, बांधकाम पदविकेचे तिसऱ्याच मंडळाचे. त्यांनी मिळून एखादे घर तपासावे, हे कोणाच्याच कर्तव्यात मोडत नाही.

या फारकतीची सर्वांत मोठी किंमत न्हाणीघराच्या दाराशी मोजावी लागते. चाकाच्या खुर्चीची रुंदी, हाताने ढकलण्याच्या कड्यांसह, साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर असते. लहान घरांत मात्र न्हाणीघराला चौकटीसह अडीच फुटी, म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटरचे दार बसवण्याचा परिपाठ आहे, आणि चौकट व फळीची जाडी वजा केली की साडेसहाशे मिलिमीटरचीही वाट उरत नाही. केंद्र शासनाच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, उंबरा फार तर १२ मिलिमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी १,५०० मिलिमीटर व्यासाची जागा लागते. प्रवेशाचा उतार १:१२ प्रमाणात, म्हणजे दर एक मीटर उंचीस बारा मीटर लांबी, असा ठेवल्यास ४५० मिलिमीटर उंच जोत्याला ५.४ मीटरचा उतार लागतो. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतील २५ चौरस मीटरचे घर चौरस बांधले, तर त्याची एक बाजूच ५ मीटर भरते. घराच्या बाजूहून लांब असणारा हा उतार आराखड्यात आधीच मोजलेला नसेल, तर शासन लाभार्थ्याच्या हाती किल्ली देते आणि त्याला दाराबाहेरच ठेवते.

हे आकडे बांधकामाच्या विद्यार्थ्याला पुस्तकात मिळतात, परंतु पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या स्त्रीला आधाराचा दांडा कोणत्या भिंतीवर हवा, किंवा मज्जारज्जूला इजा झालेला माणूस खुर्चीवरून शौचपात्रावर कोणत्या बाजूने सरकतो, हे त्याला पुस्तकातून उमगत नाही. ते ज्ञान ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, कपडे घालणे ही रोजची कामे रुग्णाला पुन्हा जमावीत यासाठी उपचार आणि घरातील बदल सुचवणाऱ्या शास्त्राच्या, विद्यार्थ्याजवळ असते. मात्र साडेचार इंची भिंतीत ठोकलेला दांडा माणसाचे वजन पेलेल का, आणि उंबरा काढल्यावर पाण्याचा ढाळ कोठे वळवावा, याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू केले, आणि वास्तुकलेचे शिक्षण त्याच शहरात त्याआधीपासून चालू होते. एका शहरात पाऊणशे वर्षे नांदलेल्या या दोन विद्यांची गाठ पडणे आजही एखाद्या शिक्षकाच्या उत्साहावर सोडलेले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, आणि कायद्याच्या कलम ३७ नुसार गृहनिर्माण योजनांत पात्र दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु वाटपातील हिस्सा ठरवणे आणि राहता येईल असे घर देणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिलीची नोंद ठेवून दुसरीतून शासनाची सुटका होत नाही. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यानंतर तरी ऐच्छिकतेची सबब पुढे करता येणार नाही.

म्हणून शासनाने पुढील शैक्षणिक वर्षापासून वास्तुकला, स्थापत्य पदविका, ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी आणि परिचर्या यांच्या विद्यार्थ्यांना गुणांसह सक्तीचे संयुक्त प्रात्यक्षिक लागू करावे. रुग्ण रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी या गटाने त्याच्या संमतीने घराची मोजमापे घ्यावीत, आराखडा आणि शासकीय दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करावे, आणि त्या कामाचे परीक्षण करण्यास दिव्यांग व्यक्तीला मानधन देऊन नेमावे, कारण त्या घरात वावरण्याचा अनुभव अन्य कोणाही परीक्षकापाशी नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही. चार विभागांची सही असलेला एक शासन निर्णय पुरेसा आहे.

तो निघेपर्यंत दिव्यांगांना वाटलेल्या घरांची संख्या शासनाने जेव्हा जेव्हा जाहीर करावी, तेव्हा त्यांपैकी किती घरांच्या न्हाणीघराचे दार ९०० मिलिमीटर मोकळे आहे, हा रकानाही तिच्याशेजारी भरावा.

एक नागरिक