उबुंटू कोणाच्या बाजूने?
माणसाला माणूसपण येते ते इतर माणसांमुळे, हा दक्षिण आफ्रिकेतल्या ‘उबुंटू’ विचाराचा गाभा. त्यावर ठरलेला आक्षेप असा की, समूहाला एवढे थोर केले की एकटा माणूस भरडलाच जाणार. आक्षेप पोकळ नाही. नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेआन्यी मेनकिटी यांनी समूहाला व्यक्तीच्या आधी बसवले, तेव्हा त्यांना हटकणारे क्वामे ग्येकेही आफ्रिकीच, घानाचे. पण ६ जून १९९५चा मक्वान्याने खटल्याचा निकाल पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी खुनासाठीची फाशी घटनाबाह्य ठरवली, आणि त्यांपैकी अनेकांनी उबुंटूचा दाखला दिला. बहुसंख्य लोकांना फाशी हवी असेल, हे गृहीत धरूनही न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चॅस्कलसन यांनी लोकमताला निर्णायक मानले नाही. म्हणजे ज्या विचाराने व्यक्तीला गिळायचे, तोच गुन्हेगाराच्या जिवासाठी बहुमताला आडवा गेला! समूह आणि बहुमत एकच नव्हेत, हे आक्षेपकांच्या नजरेतून निसटते. उबुंटूची खरी अडचण दुसरीकडे आहे. १९९६मध्ये वर्णद्वेषी राजवटीतल्या गुन्ह्यांना मिळणाऱ्या माफीला वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह काहींनी आव्हान दिले. ते फेटाळताना न्यायालयाने हंगामी घटनेच्या उपसंहारावर भिस्त ठेवली, आणि उबुंटू हा शब्द त्याच उपसंहारात होता. सलोखा सर्वांचा, पण न्यायावरचा हक्क सोडायचा तो पीडितांनी. सत्य व सलोखा आयोगाकडून माफी मिळवायला राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली लागे. पश्चात्तापाची अट नव्हती.