गर्भ थांबत नाही

झिका विषाणूबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३ जुलै २०२४ रोजी राज्यांना धाडलेल्या सूचनापत्रात गर्भवतींची तपासणी करा, बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा, रुग्णालयाचे आवार डासमुक्त राखायला अधिकारी नेमा, असे सारे काही आहे. पुण्याच्या एरंडवण्यातील एखाद्या गर्भवतीच्या हाती तिचा अहवाल किती दिवसांत पडावा, याबद्दल मात्र प्रसिद्ध झालेला मजकूर मुका आहे.

एडिस डासामार्फत पसरणाऱ्या या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, रक्तात साधारण आठवडाभरच सापडतो, लघवीत मात्र तो बहुधा त्याहून अधिक काळ टिकतो, आणि म्हणूनच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे २०१६ मध्येच लक्षणांपासून चौदा दिवसांपर्यंत लघवी तपासण्याची शिफारस केली होती. प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने घडविलेल्या प्रथिनांच्या, चाचणीवर आपल्याकडे विसंबता येत नाही, कारण डेंग्यू हा झिकाचा भाऊबंद असून त्याची प्रतिपिंडे या चाचणीला सहज चकवतात. त्यातच बहुसंख्य बाधितांना लक्षणेच जाणवत नसल्याने दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हेही ठरत नाही. अशा वेळी रक्ताच्या नळीबरोबर लघवीची डबीही त्याच दिवशी घेणे, ती बर्फात ठेवणे आणि वेळेवर रवाना करणे, एवढ्या साध्या कामालाही यंत्रणेला मुहूर्त लागावा, हे संतापजनक आहे.

डबी वेळेवर निघाली तरी ती जाणार कोठे? सूचनापत्रानुसार पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि निवडक प्रयोगशाळा, एवढीच ठिकाणे आहेत. पुणेकरांच्या उशाशी ही संस्था आहे, पण त्या सूचनापत्राच्याच काळात रुग्ण आढळलेल्या कोल्हापूर आणि संगमनेरचे काय? करोनाच्या चाचणीसाठी जानेवारी २०२० मध्ये देशात पुण्याची ही एकच प्रयोगशाळा होती, जूनअखेर हजारावर झाल्या. त्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत आलेली आरटी-पीसीआर यंत्रे, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य वाढवून ओळखणारी उपकरणे, झिकासाठी योग्य संच आणि प्रशिक्षण मिळाल्यास वापरता येतात. जिल्ह्यातल्या तपासणीत आलेला चुकीचा अहवाल गर्भवतीला हादरवून टाकेल, हा आक्षेप खरा असला तरी त्यावर उपाय फेरतपासणी हा आहे, मोजक्या प्रयोगशाळांपुढची रांग हा नव्हे.

रांगेची किंमत गर्भवती मोजते. गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका असलेल्या या आजारात आठवडे मोजूनच निर्णय घ्यावे लागतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतरही वीस आणि चोवीस आठवड्यांचे उंबरठे आहेत, आणि चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचे दार ठोठावावे लागते. फाईल टेबलावर पडून राहिली म्हणून गर्भाची वाढ थांबत नाही.

अहवाल दडवण्याची खोड तर जुनीच आहे. अहमदाबादमधील देशातले पहिले प्रयोगशाळा-सिद्ध तीन रुग्ण जनतेला कळले ते मे २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केल्यावर. निदान झाल्याला तोवर काही महिने उलटले होते, आणि घबराट नको हे नेहमीचे कारण पुढे होतेच. डासांची पैदास रोखण्याची जबाबदारी नागरिकांच्या कुंड्यांवर टाकणाऱ्या महापालिकांनी आणि सूचनापत्रे काढणाऱ्या मंत्रालयाने आता अहवालाची मुदत दिवसांत लिहून द्यावी, आणि तो आधी त्या गर्भवतीला व तिच्या डॉक्टरांना कळवावा, पत्रकार परिषद नंतर घ्यावी.