मुलाची पाठ रात्री दुखते तेव्हा

लहान मुलाने पाठ दुखते म्हटले, की घरात पहिला संशय दप्तरावर जातो. मग ‘वाढीचे दुखणे’ म्हणून विषय मिटतो. बहुतेक वेळा त्यात काही चुकतही नाही. पण वाढीचे दुखणे सहसा दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल पुन्हा हुंदडू लागते. झोपेतून वारंवार उठवणारी पाठदुखी ही वेगळी गोष्ट आहे.

मज्जारज्जूतील गाठ मुलांमध्ये दुर्मीळ. त्यात सर्वाधिक आढळणारी अ‍ॅस्ट्रोसायटोमा बहुधा सावकाश वाढते, म्हणूनच फसवते. मान तिरकी राहणे, कणा एका बाजूला वाकणे, चालताना अडखळणे, लघवीवर ताबा आलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे, ही लक्षणे सुटी सुटी पाहिली तर साधी वाटतात.

इथे एक्स-रे काढला जातो, तो ‘नॉर्मल’ येतो आणि सारे निर्धास्त होतात. पण एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जारज्जू नाही. सीटी स्कॅनही मुख्यतः हाडांसाठीच उपयोगी. या गाठीसाठी एमआरआयच हवा. तोही संपूर्ण कण्याचा आणि गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन. त्यात क्ष-किरणांचा मारा नसतो.

मग प्रत्येक पाठदुखीला एमआरआय करायचा का? मुळीच नाही. आधी मुलाचा सदरा काढून कणा पाहावा, त्याला चालायला लावावे, हातापायांची ताकद आणि गुडघ्याचे झटके तपासावेत. दहा मिनिटांची ही तपासणी कोणत्याही यंत्राशिवाय होते. त्यात काही खटकले, तर मात्र पुन्हा एक्स-रे काढण्यात दिवस घालवू नयेत.

दुसरी अडचण यंत्राची नाही, माणसांची आहे. लहान मूल यंत्रात निपचित पडून राहत नाही. त्याला गुंगी किंवा भूल द्यावी लागते. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात अडकलेला असला, की मुलाला पुढची तारीख मिळते. सरकारी रुग्णालयांनी आठवड्यातला एक दिवस मुलांच्या एमआरआयसाठी भूलतज्ज्ञासह राखून ठेवावा. शाळा-अंगणवाड्यांत जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनाही ही लक्षणे शिकवावीत.

शस्त्रक्रियेआधी गेलेली पायांतली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. मूल स्वतःच्या पायांनी चालत असतानाच निदान व्हायला हवे.