लष्कराच्या भाकऱ्या कोणी भाजायच्या?

सोलापुरात कोणी प्रभागातल्या पाण्यासाठी महापालिकेत खेटे घालू लागला किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीवर जाऊन बसला, की घरातून आणि कट्ट्यावरून एकच वाक्य ऐकू येते: घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस? ज्या शहरात ज्वारीच्या कडक भाकरीचा धंदा चालतो आणि लष्कर नावाची वस्तीही आहे, तिथे ही म्हण जरा जास्तच घरची वाटते. नोकरी, संसार आणि लोकांचे काम हे एकाच ताटातले तीन वाटेकरी, एकाला वाढले की दुसरा उपाशी, असे ती गृहीत धरते. त्यातून दोन परस्परविरुद्ध सल्ले निघतात. पहिला म्हणतो, आधी संसार मार्गी लावा, निवृत्त व्हा, मग हवी तेवढी समाजसेवा करा. दुसरा म्हणतो, लोकांचे काम करायचे तर वाहून घ्या. फावल्या वेळची सेवा म्हणजे हौस. वरवर हे सल्ले एकमेकांशी भांडतात, पण दोघांची चूक एकच आहे. तोल सांभाळणे ही एकट्या माणसाची कसरत आहे, असे दोघेही मानून चालतात. माझे म्हणणे असे की, तोल कामाच्या वाटणीतून येतो. वाटणी नसेल तर कितीही गुणी माणूस एक दिवस घरावर तरी कोसळतो, नाहीतर कामावर तरी.

पहिल्या सल्ल्याला समर्थांचा आधार दिला जातो. दासबोधात प्रपंच आधी नेटका करायला सांगितला आहे, हे खरे. पण सल्ला देणारे तिथेच थांबतात. त्याच समासात पुढे प्रपंच टाकून परमार्थ करणारा कष्टी होईल, आणि दोन्ही चालवणाराच विवेकी, असे समर्थ सांगतात. म्हणजे वचन पुढे ढकलण्याच्या बाजूचे नाही, सोबत चालवण्याच्या बाजूचे आहे. वचनाचा वाद बाजूला ठेवला तरी परिणाम पाहा. नोकरदार, कारागीर, लहान मुलांची आई या साऱ्यांनी निवृत्तीपर्यंत थांबायचे ठरवले, तर तोवर नगरपित्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत. ज्यांना त्यांच्या धंद्याने मोकळा वेळ मिळवून दिला आहे, किंवा ज्यांचा धंदाच महापालिकेच्या कामांवर चालतो, ते तिथे बसतात. २०१७ साली राज्य सरकारने वाढ केल्यावरही लहान महापालिकांतील नगरसेवकाचे मानधन महिना १० हजार रुपयांच्या घरात राहिले. एवढ्यात नोकरी सोडून घर चालत नाही, आणि नोकरी ठेवून कामाच्या दिवशी दुपारी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेला जाता येत नाही. मग सभागृहात पगारदार माणूस का दिसत नाही, हा प्रश्न विचारण्यात अर्थ काय? दाराची उंचीच आपण त्याला आत येता येऊ नये अशी ठेवली आहे.

शिवाय रस्ता, गटार, पाणी ही कामे ज्याला कळतात तो माणूस भर संसारातलाच असतो. उजनी धरणाचे पाणी सोलापूरच्या नळाला काही दिवसांआड येते. ते किती वाजता आले तर कामावर जाणाऱ्या बाईची पाळी चुकते, हे संसारातून मोकळ्या झालेल्या माणसापेक्षा तिला अधिक नेमके ठाऊक असते. हे ज्ञान सभागृहाबाहेर ठेवून आपण तिच्या संसारावर उपकार करत नाही, शहराचे नुकसान मात्र नक्की करतो.

दुसरा सल्ला अधिक तेजस्वी आहे, म्हणून अधिक फसवा. त्याच्या पाठीशी सोलापूरची मोठी माणसे उभी केली जातात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांनी संसाराचा हिशेब मांडला होता का, असे विचारले जाते. नव्हता मांडला. पण मार्शल लॉ पुकारलेल्या शहराची गरज आणि तुंबलेल्या गटाराची गरज एका मापाने मोजणे हा हुतात्म्यांचा गौरव नव्हे. आणीबाणीत माणूस सर्वस्व देतो, कारण ती संपणार असते. नळाला पाणी येण्याचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या चालतो. जे काम रोजचे आहे ते रोज करता येईल अशाच पद्धतीने वाटले पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण तर या सल्ल्याच्या उलटच साक्ष देते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचा हा तरुण एकटा निघालेला नव्हता. पुढे काही सहकारी परतले, ते राहिले. पण युद्धाच्या धामधुमीतही त्यांनी १९४१ मध्ये को चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, त्यांना मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. ज्यांच्या त्यागाचे दाखले आपण देतो त्यांनी रणांगणाजवळही घर मांडले. शांत काळातल्या कार्यकर्त्याकडून मात्र आपण संन्यास मागतो.

आणि हा संन्यास बहुतेक वेळा फुकट नसतो, त्याची किंमत दुसरेच कोणी भरते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. 'चोवीस तास जनतेसाठी' असे फलकावर लिहिणाऱ्या नेत्याच्या चोवीस तासांत कुणाचे तरी पाच तास मिसळलेले असतात, आणि फलकावर त्या बाईचे नाव नसते. हेच गणित उलटे केले की स्त्रियांच्या आरक्षणाचे काय होते ते समजते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सोलापूरच्या १०२ पैकी ५१. तरीही नगरसेविकेच्या जागी तिचा नवराच मिरवताना दिसला की 'बायकांना जमत नाही' असा निकाल दिला जातो. जमत नाही ते राजकारण नव्हे. पाच तासांचे घरकाम तसेच ठेवून वर सभागृह जमत नाही. तिच्या जागी त्या नवऱ्यानेच घरची २९९ मिनिटे पेलून दाखवावीत, मग जमण्या-न जमण्याची चर्चा करू.

जमते याचा पुरावा याच शहराच्या पूर्व भागात आहे. विडी कामगार बाया पान-तंबाखू आणतात, घरी विड्या वळतात, पुन्हा कारखान्यात देतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यांच्यासाठी घर हेच कामाचे ठिकाण. मोर्चाचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाच्या विड्या गेल्या. तरी या बायांनी वर्षानुवर्षे संघटनेतून लढून शहराजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरे मिळवली. पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. कामगार नेते आडम मास्तर यांचे नेतृत्व यात मोठे, पण एकट्या नेतृत्वाने मोर्चा होत नाही. ज्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी होता, त्यांनीच शहराला मोठी लोकवस्ती दिली. का जमले? भार एकटीवर नव्हता म्हणून.

आता व्यवहारी आक्षेप. वाटून घेतलेल्या कामाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असे म्हणतात. गिरणगावाने या आक्षेपाचे उत्तर कधीच दिले आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराला पाळी म्हणजे काय ते माहीत आहे. भोंगा झाला की कामगार घरी जाई, साचा मात्र चालू राही, कारण पुढच्या पाळीचा माणूस उभा असे. कोणी आला नाही तर बदली कामगार असे. जबाबदारी साच्याची होती, म्हणून माणूस बदलला तरी चालले. आपल्या सार्वजनिक कामात पाळी नाही आणि बदलीही नाही, म्हणून कार्यकर्ता आजारी पडला की वाचनालयाला कुलूप लागते. दुसरा आक्षेप: रात्री जलवाहिनी फुटली तर पाळीतला नगरसेवक काय कामाचा? पण वाहिनी दुरुस्त करणे हे नगरसेवकाचे काम नाहीच. त्यासाठी पगारी यंत्रणा आहे. ९ हजारांहून अधिक लोकांमागे एक प्रतिनिधी असताना त्यानेच प्रत्येक नळ पाहावा, ही अपेक्षा यंत्रणेला आळशी आणि प्रतिनिधीला हमाल बनवते. तिसरा आक्षेप मालकांचा: निवडून आलेल्या नोकरदाराला सभांसाठी रजा द्यायची तर धंदा कसा चालेल? ब्रिटनमध्ये १९९६ च्या रोजगार कायद्याने नगरसेवक असलेल्या नोकरदाराला सभांसाठी वाजवी सवड मिळण्याचा हक्क दिला आहे. त्या वेळेचा पगार देण्याची सक्ती मालकावर नाही. तिथले धंदे त्यामुळे बुडाले नाहीत.

म्हणून मागणे साधे आहे. सर्वसाधारण सभा आणि समित्यांच्या बैठका संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी भराव्यात, आणि तिथे लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी. महापालिका कायद्यात असलेल्या क्षेत्रसभा कागदावरून मोहल्ल्यात याव्यात, म्हणजे गाऱ्हाणी एका घराच्या ओट्यावर साचणार नाहीत. निवडून आलेल्या नोकरदाराला बिनपगारी रजेचा हक्क मिळावा. आणि मंडळे, संस्था यांनी प्रत्येक कामाला दोन माणसे आणि ठरलेली मुदत द्यावी. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेवर निघतात. त्या उंच काठीचा तोल सांभाळणे सोपे नाही; पण पेलणारा दमला की दुसरा पुढे होतो, आणि पहिल्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. जानेवारीत जे आपण श्रद्धेने करतो ते उरलेले अकरा महिने का विसरतो?

तेव्हा लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला वेडा म्हणू नका, आणि महात्माही म्हणू नका. त्याच्या तव्याजवळ दुसरा माणूस बसवा, आणि त्याला वेळेवर घरी जेवायला जाऊ द्या.