विश्लेषण : कोंबड्यांसोबत गिनी फाऊल पाळणे खरेच परवडते का?

गिनी फाऊल म्हणजे रोगाला न जुमानणारा, साप-मुंगसाची आधीच वर्दी देणारा आणि जवळपास फुकटात वाढणारा पक्षी, अशी त्याची ख्याती आहे. त्यामुळे परसात २०-२५ गावरान कोंबड्या असलेल्या अनेकांना त्याचे आकर्षण वाटते. यातील किती गोष्टी खऱ्या आणि खर्च नेमका कुठे येतो, याविषयी…

हा पक्षी कोणता?

गिनी फाऊल मूळचा आफ्रिकेतला. राखाडी पिसांवर पांढरे ठिपके आणि डोक्यावर टणक शिंगासारखा उंचवटा ही त्याची ओळख. उत्तर भारतात त्याला तितारी किंवा चित्रा म्हणतात. मात्र आपल्याकडचा रानातला तितर वेगळा. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याची शिकार किंवा विक्री हा गुन्हा आहे. गिनी फाऊल पाळीव असल्याने तो पाळता आणि विकता येतो. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी या जाती विकसित केल्या आहेत.

‘काटक’ म्हणजे किती काटक?

मोठा झालेला गिनी फाऊल ऊन-पाऊस सोसतो, महागडे खुराडे मागत नाही आणि किडे, गोचीड, गवताचे बी खाऊन बऱ्यापैकी पोट भरतो. कोंबड्यांच्या काही नेहमीच्या आजारांनाही तो चांगली दाद देत नाही. पण काटक म्हणजे रोगमुक्त नव्हे. राणीखेत (मानमोडी) त्यालाही होतो आणि बर्ड फ्लूही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटर परिघातील कोंबडीवर्गीय पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. त्यातून गिनी फाऊलला सूट नसते. म्हणजे कोंबड्यांचा धोका वाटून घेण्यासाठी गिनी फाऊल आणला, तरी साथीत दोन्ही एकदमच जाऊ शकतात. बाहेरून आणलेले पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे आणि पशुवैद्यकाकडून लसीकरणाचे वेळापत्रक घेणे, याला पर्याय नाही.

दोघांचे एकत्र पटते का?

जागा मोकळी असेल तर पटते. अडचण येते ती विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिल ते सप्टेंबर. या काळात गिनीचे नर कोंबड्यांना पळवतात, पिसे उपटतात, खाद्याजवळ फिरकू देत नाहीत. त्यामुळे खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि रात्रीचा निवारा वेगळा असावा. चार माद्यांमागे एक नर पुरतो.

नर-मादी दिसण्यावरून ओळखणे मात्र कठीण. दोन सुरांत ओरडते ती मादी, नराला हा सूर काढता येत नाही. हा फरक पिल्लांत कळत नाही. म्हणून लहान पिल्लांची ‘जोडी’ म्हणून कोणी जास्त दर सांगितला, तर तो अंदाजाचाच सौदा असतो.

अंडी उबवताना काय बदलते?

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, गिनीचे २६ ते २८ दिवसांत. खुडूक कोंबडीखाली दोन्ही अंडी एकत्र ठेवली, तर आपली पिल्ले निघताच ती उठते आणि गिनीची अंडी थंड पडतात. म्हणून तिच्याखाली फक्त गिनीचीच अंडी ठेवावीत. उबवणूक यंत्र असेल तर गिनीची अंडी १ तारखेला आणि कोंबडीची ७ तारखेला ठेवावीत. दोन्हींची पिल्ले २८ तारखेच्या आसपास बाहेर येतात.

गिनीच्या मादीवर पिल्ले सोडणे धोक्याचे. ती दवाने भिजलेल्या गवतातून त्यांना फिरवते आणि मागे राहिलेली पिल्ले गारठून मरतात. पहिल्या चार आठवड्यांत कोरडी, उबदार जागा आणि सुमारे २४ टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. ‘फुकटात वाढणाऱ्या’ पक्ष्याचा खरा खर्च इथे आहे.

हिशेब कसा जुळतो?

इज्जतनगरच्या संस्थेच्या माहितीनुसार, हा पक्षी १२ आठवड्यांत ९०० ग्रॅम ते एक किलोचा होतो. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जाते. गिनीची मादी पहिले अंडे सुमारे आठ महिन्यांनी देते आणि हंगामात १०० ते १२० अंडी घालते. व्यावसायिक लेयर कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास देते. गिनीच्या अंड्याचे कवच जाड असल्याने ते जास्त टिकते, पण आकाराने ते लहान असते. थोडक्यात, कोंबडीपेक्षा चांगला दर देणारे गिऱ्हाईक जवळपास असेल, तरच गणित बसते.

पैसे गुंतवण्याआधी काय पाहावे?

२०१९ मध्ये इस्लामपूरहून पुढे आलेले कडकनाथ प्रकरण राज्यातील शेतकरी विसरलेले नाहीत. अंडी आणि पक्षी चढ्या दराने परत घेऊ, या हमीवर अनेकांनी पैसे भरले. खरेदी थांबली आणि कोंबड्यांना खाद्य घालणेही अवघड झाले. दोष कडकनाथचा नव्हता. विकणाराच एकमेव खरेदीदार होता, ही खरी गोम होती. गिनी फाऊलच्या पिल्लांसोबत ‘परत खरेदी’ची हमी मिळत असेल, तर आठवडी बाजारात, हॉटेलांत किंवा मटण-चिकनच्या दुकानात हा पक्षी कोणी घेते का, हे आधी स्वतः विचारावे.

सुरुवात दहा-बारा पक्ष्यांनी करावी आणि एक पूर्ण हंगाम पाहावा. शेजाऱ्यांनाही आधी कल्पना द्यावी. अनोळखी माणूस दिसताच गिनी फाऊल कलकलाट करतो, आणि पहाटे कुणी अनोळखी नसतानाही.